पेठ वसवावी लागते

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या तालुक्याच्या गावी मी पेठेतून एक फेरी मारतो. वेशीपासून निघायचे आणि मारुतीच्या देवळापर्यंत जायचे, एवढीच ती पेठ. लहानपणी वडिलांचे बोट धरून जायचो तेव्हा एवढ्याशा अंतराला दोन तास लागत. प्रत्येक दुकानात गादीवर धुतलेली चादर, चौरंगावर नवी वही, वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने काढलेला ‘श्री’, शेजारी साळीच्या लाह्या आणि बत्तासे. ‘या, बसा’ म्हटल्यावर बसल्याशिवाय पुढे जाता येत नसे. सराफकट्ट्यापासून कासार आळीपर्यंत आणि कापडवाल्यांपासून भुसार दुकानांपर्यंत एकूण एक दार उजळलेले असे.

गेल्या दिवाळीत तेच अंतर मी पंधरा मिनिटांत चाललो. दर तीन-चार दारांमागे एक दार अंधारात होते. काही शटरांवर ‘भाड्याने देणे आहे’ असे लिहिलेले, त्याखालचा मोबाइल क्रमांक उन्हाने पुसट झालेला. काही दुकानांच्या लाकडी फळ्यांना लावलेली कुलपे गंजून गेलेली. वरच्या मजल्यावर कोणी राहत नाही, हे खिडकीच्या कोनाड्यात उगवलेल्या पिंपळावरून कळत होते. तिकडे बायपासच्या कडेला मात्र काचेच्या दर्शनी भागाची नवी दुकाने झगमगत होती.

हे एकट्या माझ्या गावाचे नाही. वाचणाऱ्याला एव्हाना स्वतःची पेठ आठवली असेल. कारणेही सगळ्यांना पाठ आहेत: बायपास, मॉल, मोबाइलवरची खरेदी, गाडी लावायला नसलेली जागा, पुण्या-मुंबईला गेलेली मुले. कारणे खरी आहेत. पण ती मोजून झाल्यावर ‘आता काही खरे नाही’ म्हणून आपण जो सुस्कारा टाकतो, तो मला मान्य नाही. ओस पडलेली पेठ पुन्हा भरू शकते. जगात ती भरलेली आहे. आणि ती भरण्याची रीत आपल्या मराठी मुलखाला अनोळखी नाही.

कौल

आपली भाषाच सांगते. घर बांधतात, धरण बांधतात, पूल बांधतात; पेठ मात्र वसवतात. वसवायला माणसे लागतात, आणि माणसे यायची तर त्यांना काहीतरी शब्द द्यावा लागतो. अठराव्या शतकात त्या शब्दाला ‘कौल’ म्हणत. नव्या पेठेत येऊन जो वाणी, उदमी, कारागीर दुकान मांडेल, त्याला ठरावीक वर्षे करात सूट मिळे. बाजाराची व्यवस्था पाहायला शेटे आणि महाजन नेमले जात. वजनमापे, वसुली, नव्या माणसाला जागा देणे, आपसांतले तंटे ही सगळी कामे त्यांच्याकडे असत. सरकार जागा आणि अभय देई, व्यापारी भांडवल आणि मेहनत आणी, आणि दोघांमध्ये जबाबदार माणूस म्हणून शेटे-महाजन उभे असत.

पुण्याच्या पेठा अशाच वसल्या. जिवाजीपंत खासगीवाल्यांनी १७३४ च्या सुमारास शुक्रवार पेठ वसवली. थोरल्या माधवरावांच्या काळात, १७६७ मध्ये, बोरीच्या रानात भवानी पेठ उभी राहिली. नाना फडणवीसांच्या नावाची नाना पेठ १७९१ ची. यातल्या कुठल्याही पेठेत आधी इमारती बांधून मग गिऱ्हाइकाची वाट पाहिली गेली नाही. आधी माणसे बोलावली, त्यांची सोय लावली. इमारती मागाहून, ज्याच्या त्याच्या ऐपतीने उभ्या राहिल्या.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी हेच केले. १८९४ मध्ये राज्यकारभार हाती आला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवायला घेतली. मिरजेहून कोल्हापुरापर्यंतची रेल्वे १८९१ मध्ये सुरू झालेली होती. गूळ पिकवणारा मुलूख, माल नेणारी रेल्वे आणि व्यापाऱ्याला बसायला जागा, या तिन्ही गोष्टी त्यांनी एका ठिकाणी आणल्या. शाहूपुरी गुळाची पेठ म्हणून नावारूपाला आली. कोल्हापुरी गुळाला आज जी ओळख आहे, तिची एक मुळी त्या पेठेत आहे.

शाहू महाराजांची आणखी एक गोष्ट या विषयाशी थेट जोडलेली आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी कोल्हापुरात हॉटेल काढायला मदत केली. पण त्या काळी तिथला चहा प्यायला येणार कोण? तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी थांबवून तिथला चहा मागवून पीत आणि बरोबरच्यांनाही पाजत. बाजारातल्या गुंतवणुकीचा इतका स्वच्छ धडा मला दुसरीकडे सापडलेला नाही. भांडवल देणे हे अर्धे काम. त्या दुकानाचे पहिले गिऱ्हाईक होणे हे उरलेले अर्धे.

सातशे वर्षांचा बाजार आणि बंद दुकाने

आता एक परदेशातले उदाहरण. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या नैर्ऋत्येला सुमारे १३ किलोमीटरवर ऑल्ट्रिंगम नावाचे गाव आहे. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम नगरपरिषदेएवढी. पहिला एडवर्ड राजा असताना १२९० मध्ये या गावाला बाजार भरवण्याची सनद मिळाली. आपल्याकडे देवगिरीवर रामदेवराव यादव राज्य करीत होते, ज्ञानेश्वरी त्याच वर्षी पुरी झाली, असे आपण मानतो. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या वयाचा हा बाजार. १८७९ च्या सुमारास तिथे विटांची देखणी मंडई बांधली गेली. ती आजही उभी आहे.

अशा गावावर अवकळा येईल असे कोणाला वाटले नसते. पण १९९८ मध्ये थोड्याच अंतरावर ट्रॅफर्ड सेंटर नावाचा अवाढव्य मॉल उघडला. तिथे गाडी लावायला फुकट जागा, डोक्यावर छप्पर आणि एका दारातून आत गेले की सगळी दुकाने. पाठोपाठ ऑनलाइन खरेदी आली, २००८ ची मंदी आली. त्या मंदीत वूलवर्थ्ससारखी शंभर वर्षांची जुनी दुकानसाखळी बुडाली आणि देशभरातली तिची आठशेहून अधिक दुकाने काही आठवड्यांत बंद झाली. २०१० च्या सुमारास ऑल्ट्रिंगमच्या मध्यवर्ती बाजारातली जवळपास ३० टक्के दुकाने रिकामी होती. देशातल्या सर्वांत वाईट आकड्यांपैकी तो एक होता. वर्तमानपत्रे या गावाला ‘भुताचे गाव’ म्हणू लागली.

आठ वर्षांनी, २०१८ मध्ये, इंग्लंडमधली सर्वोत्तम बाजारपेठ म्हणून याच गावाचा राष्ट्रीय स्पर्धेत गौरव झाला. रिकाम्या दुकानांचे प्रमाण तोवर दहा टक्क्यांच्या आसपास उतरले होते. मधल्या आठ वर्षांत काय झाले, ते नीट पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट, २०११ मध्ये सगळे एका टेबलाशी बसले. ट्रॅफर्डच्या स्थानिक परिषदेने ‘ऑल्ट्रिंगम फॉरवर्ड’ नावाची भागीदारी उभी केली. तिच्यात परिषद होती, दुकानदार होते, इमारतींचे मालक होते, रहिवासी होते. आपल्याकडे अशा बैठका होत नाहीत असे नाही. पण बहुधा त्या सणापुरत्या किंवा मोर्चापुरत्या असतात. इथे ती मंडळी वर्षानुवर्षे भेटत राहिली.

दुसरी गोष्ट मंडईची. खळ्यात आधी मेढ रोवतात आणि मग बैल तिच्याभोवती फिरतात. ऑल्ट्रिंगमकरांनी मेढ म्हणून आपली जुनी मंडई निवडली. ती परिषदेच्या मालकीची होती, पण चालत नव्हती. परिषदेने ती चालवण्याचे काम निक जॉन्सन या अनुभवी विकासकाकडे सोपवले. त्याने आत भपकेबाज काही केले नाही. मधोमध लांबच लांब सामाईक लाकडी टेबले मांडली, भोवती निवडक खाद्यपदार्थवाले बसवले. प्रत्येकाचा एकच पदार्थ, पण तो जीव ओतून केलेला. मोठ्या साखळी दुकानांना तिथे जागा दिली नाही. बाहेरच्या छताखाली वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या मालाचा बाजार भरू लागला. २०१४ च्या शरद ऋतूत हे सुरू झाले आणि लोक यायला लागले. आले की जेवायला थांबू लागले, जेवल्यावर गावात फिरू लागले. त्या फिरण्यावर आजूबाजूची दुकाने उघडली.

तिसरी गोष्ट, सरकारी पैसा कुठे घातला गेला. रेल्वे, ट्राम आणि बस जिथे एकत्र येतात ते स्थानक सुमारे १ कोटी ९० लाख पौंड खर्चून नवे केले गेले, आणि ते बाजाराच्या उंबऱ्यावरच राहिले. गावाबाहेर हलवले गेले नाही. २०१५ मध्ये नवे रुग्णालयही गावाच्या मध्यभागी उघडले. पदपथ रुंद झाले, बसायला बाके आली. रिकामे दुकान भाड्याने घेऊन धंदा सुरू करणाऱ्याला परिषदेने बिनव्याजी कर्ज देऊ केले. हे कर्ज म्हणजे अठराव्या शतकातला कौलच. नव्याने येणाऱ्याला पहिली काही वर्षे तग धरू द्यायची, एवढाच त्याचा अर्थ.

चौथी गोष्ट २०१६ मधली. गावातल्या व्यापाऱ्यांनी मतदान करून स्वतःवर एक पट्टी बसवून घेतली. तिच्याबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे.

कायद्याने बांधलेली वर्गणी

ही कल्पना मूळची कॅनडाची. टोरांटो शहरात ब्लूर वेस्ट नावाचा रस्ता आहे. १९६० च्या दशकात त्या रस्त्याखालून भुयारी रेल्वे सुरू झाली. वरून ट्रामने जाणारी माणसे दुकानांच्या काचा बघत जायची, ती आता जमिनीखालून निघून जाऊ लागली. त्यात नवे मॉल आले. दुकानदारांनी आपसात वर्गणी काढून रस्ता सजवायचा ठरवले. पण काहींनी दिली, काहींनी दिली नाही, आणि न देणाऱ्यांच्या दारापुढेही दिवे तेवढेच लागले. आपल्याकडच्या कुठल्याही मंडळाच्या खजिनदाराला हे दुःख समजावून सांगायला नको. तेव्हा त्या दुकानदारांनी मागणी केली की बहुसंख्यांनी होकार दिला, तर वर्गणी सगळ्यांना सक्तीची करणारा कायदा करा. तसा कायदा झाला आणि १९७० मध्ये जगातला पहिला ‘व्यवसाय सुधार विभाग’ तिथे स्थापन झाला.

इंग्लंडने २००३ मध्ये या धर्तीवर कायदा केला. त्याची रचना शहाणपणाची आहे. व्यापाऱ्यांचे मतदान घेतात आणि दुहेरी बहुमत लागते: मत देणाऱ्यांच्या संख्येतही आणि त्यांच्या मालमत्तांच्या करपात्र मूल्यातही. म्हणजे चार बडे मिळून शंभर लहानांवर काही लादू शकत नाहीत, आणि लहानांची गर्दीही बड्यांना एकतर्फी खर्चात ओढू शकत नाही. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची. पाच वर्षांनी पुन्हा मत मागायला जावे लागते; काम दिसले नाही तर व्यापारी विभागच गुंडाळतात. गोळा झालेला पैसा सरकारच्या तिजोरीत मुरत नाही. तो त्याच रस्त्यावरची स्वच्छता, दिवे, उत्सव, सुरक्षा आणि जाहिरात यांवर खर्च होतो.

आपल्याकडे असा कायदा नाही. पण गणपतीची, यात्रेची, अन्नदानाची वर्गणी शतकभर काढणाऱ्या समाजाला त्यामागची भावना शिकवावी लागणार नाही. गणेशोत्सवात पेठेतली मंडळी जे दहा दिवस करतात, तेच उरलेले ३५५ दिवस करायला लावणारी व्यवस्था, असे तिचे मराठी वर्णन करता येईल.

पैसा पुरेसा नसतो

इंग्लंडमध्येच त्याच काळातले एक उलटे उदाहरण आहे. मेरी पोर्टस या नामवंत किरकोळ-विक्री तज्ज्ञ बाईंनी डिसेंबर २०११ मध्ये ब्रिटिश सरकारला बाजारपेठांच्या दुरवस्थेवर अहवाल दिला. त्यात २८ शिफारशी होत्या. अहवाल चांगला होता. सरकारने २०१२ मध्ये पहिल्या बारा गावांना मिळून सुमारे १२ लाख पौंड दिले, म्हणजे गावाला साधारण एक लाख. खूप गाजावाजा झाला. पाच वर्षांनी पाहिले, तेव्हा त्या बारा गावांत चालू दुकानांची एकूण संख्या घटलेलीच होती. गावांचा उत्साह खरा होता. पण एकदाच मिळालेला पैसा एकेका उपक्रमात विरून गेला आणि तो सांभाळायला टिकाऊ भागीदारी बहुतेक ठिकाणी नव्हती.

मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१४-१५ मध्ये युनायटेड किंगडममधल्या दहा गावांबरोबर काम करून बाजारपेठेवर परिणाम करणारे तब्बल २०१ घटक गोळा केले. त्या दहांत ऑल्ट्रिंगमही होते. मग त्यांनी विचारले: यातले महत्त्वाचे कोणते आणि गावाच्या हातात असलेले कोणते? त्यातून २५ घटक निघाले. त्यांत अग्रक्रमावर आहे वेळ. दुकाने उघडी असण्याची वेळ आणि माणसे मोकळी असण्याची वेळ जुळते का? या एका प्रश्नाला पैसा लागत नाही. आपल्या तालुक्याच्या गावी नोकरी करणारी बाई साडेसहाला मोकळी होते आणि कापडदुकान आठला शटर ओढते. मधल्या दीड तासात तिने घरी जायचे, स्वयंपाक करायचा आणि खरेदीही करायची. मोबाइलवरचे दुकान रात्री अकरालाही उघडे असते, हे तिच्या कसे लक्षात येणार नाही?

ऑल्ट्रिंगमचे कौतुक करताना एक गोष्ट लपवणे बरोबर नाही. हे गाव सुखवस्तू भागात आहे. हेल आणि बॉडनसारखी श्रीमंत उपनगरे त्याला लागून आहेत. मँचेस्टरला जाणारी ट्राम तिथे १९९२ पासून आहे. लोकांच्या खिशात पैसा होता, तो फक्त मॉलकडे जात होता. जिथे खिसाच रिकामा आहे तिथे नुसत्या मंडईने भागत नाही. शिवाय पेठ वधारली की भाडी वधारतात, आणि पडत्या काळात टिकून राहिलेला जुना दुकानदार चढत्या काळात बाहेर फेकला जाण्याची भीती असते. त्याची काळजी करारातच घ्यावी लागते, नंतर नाही.

आपली कुलपे वेगळी आहेत

इंग्लंडमधले रिकामे दुकान म्हणजे भाडेकरू न मिळालेले दुकान. आपल्या पेठेतले बंद दुकान बरेचदा भाडेकरू असूनही बंद असते. जुन्या पागडीची जागा, भाडे नाममात्र. भाडेकरूचा मुलगा शहरात नोकरीला. तो जागा वापरत नाही आणि सोडतही नाही. एवढ्या भाड्यात मालक छपराची कौलेसुद्धा बदलत नाही. दुसरीकडे मालकाचेच पाच वारस, सातबाऱ्यासारखी नावे वाढत गेलेली, आणि एकाची सही दुसऱ्याला मान्य नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता दिली, पण अडकलेली दुकाने त्यामुळे आपोआप सुटली नाहीत. म्हणून आपल्याकडच्या भागीदारीत बँकेच्या अधिकाऱ्याइतकाच तडजोड घडवणारा वकील आणि दोन्ही घरांशी बोलू शकणारा वडीलधारा माणूस लागेल. शेटे-महाजनांचे ते एक मुख्य काम होतेच.

दुसरा फरक रस्त्यावर बसणाऱ्यांचा. आपली पेठ दुकानांइतकीच जमिनीवर गोणपाट टाकून बसणाऱ्या भाजीवाल्या, बोहारणी, कुंभार, बुरूड यांची आहे. आठवडे बाजाराच्या दिवशी जी गर्दी होते ती त्यांच्यासाठी, आणि त्या गर्दीवर दुकानदाराचा गल्ला भरतो. तरीही सुशोभीकरण म्हटले की पहिला नांगर त्यांच्यावर फिरतो. दिल्लीच्या चांदणी चौकाकडे पाहा. लाल किल्ल्यासमोरून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा तो रस्ता नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला झाला. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी झाली. गुलाबी दगड, बाके, झाडे, सगळे छान. पण विक्रेत्यांचा प्रश्न कोर्टकचेऱ्यांत अडकून राहिला, आणि देखभालीच्या व घुसणाऱ्या वाहनांच्या तक्रारी सुरूच राहिल्या. रस्ता बांधला गेला. तो रोज सांभाळायचा कोणी, हा कौल मात्र नीट झाला नाही.

खरे तर आपल्या हातात एक चांगला कायदा आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असायला हवी आणि तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले, त्यातल्या एक तृतीयांश महिला असायला हव्यात. जिथे पन्नास वर्षांहून अधिक काळ बाजार भरत आला आहे, तो नैसर्गिक बाजार वारसा-बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असेही हा कायदा म्हणतो. महाराष्ट्रातले किती आठवडे बाजार पन्नास वर्षांहून जुने आहेत, याचा विचार करा. बहुतेक सगळे. मागणी करायची ती याची.

पैसा कोणासाठी, हा प्रश्न पुण्याच्या मंडईनेही विचारलेला आहे. शनिवारवाड्यापुढच्या उघड्या मैदानात भरणारा भाजीबाजार नव्या भव्य इमारतीत नेण्याचे ठरले, तेव्हा नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला. तोच पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे होते. इमारत झाली, १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव घेऊन ती उघडली. पुढे पुणेकरांनी तिला फुल्यांचेच नाव दिले. मला त्यात एक जबाबदारी दिसते. त्या नावाच्या मंडईत आणि तिच्या धर्तीवरच्या प्रत्येक बाजारात टोपलीवालीचा हिशेब आधी मांडला गेला पाहिजे.

सहकाराचे भांडवल

भांडवल कुठून येणार? महाराष्ट्राला हा प्रश्न पडू नये. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांच्या साथीने, शेतकऱ्यांचे शेअर गोळा करून साखर कारखाना उभा केला. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी उसापासून दुधापर्यंत संस्था काढल्या आणि त्याच परिसरात ‘वारणा बाजार’ हे ग्राहकांचे सहकारी भांडार उभे राहिले. गावोगाव नागरी सहकारी बँका आहेत, पतसंस्था आहेत, महिला बचत गट आहेत. ज्या लोकांनी शेअर काढून कारखाने उभे केले, त्यांना पेठेतली दहा बंद दुकाने दुरुस्त करून तरुणांना पहिली तीन वर्षे कमी भाड्याने देणारी एक बाजारपेठ सहकारी संस्था काढता येणार नाही, हे मला पटत नाही.

नगरपरिषदेने त्यात काय घालावे? रोकड नसेल, तर निर्णय घालावेत. एसटी स्थानक पेठेजवळच ठेवण्याचा आग्रह धरावा. १ जून १९४८ ला अहमदनगर-पुणे मार्गावर पहिली एसटी धावली. तेव्हापासून गावोगावच्या पेठा ज्या गर्दीवर जगल्या, तिच्यातली मोठी गर्दी लाल गाडीतून उतरलेली आहे. स्थानक दोन किलोमीटर बाहेर गेले की पेठेच्या नाडीवरचा हात सुटतो. तहसील कचेरी, दवाखाना, वाचनालय गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर नेण्याआधी पेठेतली एखादी जुनी वास्तू पाहावी. स्वच्छतागृहे बांधावीत, विशेषतः बायकांसाठी. दोन तास खरेदी करायची तर ती आधी लागतात. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ पेठेत वाहने बंद ठेवून पाहावी. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरचा पादचारी दिन २०२१ पासून पाळला जातो. त्या दिवशी लहान मुले जिथे खेळतात, तिथे एरवी मोठ्या माणसालाही पाय ठेवता येत नाही.

लातूरच्या गंजगोलाईत १९१७ मध्ये बांधलेल्या गोलाकार इमारतीपासून सोळा रस्ते निघतात आणि जुन्या रचनेत रस्त्यागणिक माल ठरलेला: कुठे सोने, कुठे पादत्राणे, कुठे मिरची, कुठे गूळ. मध्यभागी अंबाबाईचे देऊळ. बाजार म्हणजे दुकानांची रांग नसून गावाचे एकत्र येणे असते, हे त्या आराखड्याकडे पाहताच कळते. खरेदी मोबाइलवर होईल. पण शेजारच्या गल्लीतल्या माणसाशी दोन शब्द, उधारीवर मिळालेले सामान, लग्नाच्या बस्त्याला चार घरच्या बायकांनी मिळून केलेली निवड, आजारपणात दुकानदाराने स्वतः पोचवलेला किराणा, हे कुठल्याही गोदामातून येत नाही. पेठ मेली की गाव पत्त्यापुरते उरते.

म्हणून एक विनंती. यंदा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपापल्या गावच्या पेठेतून चाला. बरोबर घरातले एखादे पोर घ्या आणि एक वही घ्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ज्या दारापुढे पणती नाही, ते दार लिहून ठेवा: दुकान कशाचे होते, मालक कोण, किती वर्षे बंद, कशामुळे. ऑल्ट्रिंगमची सुरुवातही रिकाम्या दारांच्या आकड्यानेच झाली होती. भाऊबीज झाली की ती यादी व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांना आणि नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना नेऊन द्या, आणि पुढच्या बैठकीची तारीख घेतल्याशिवाय उठू नका. आणि जे दार उघडे असेल, त्या दुकानात जाऊन बसा, बत्तासा घ्या, काहीतरी विकत घ्या. पेठ वसवण्याची सुरुवात पहिल्या गिऱ्हाइकापासून होते.